पाच मिनिटांचे डोळे

स्त्री, वय एकाहत्तर, अविवाहित. पूर्वव्यवसाय: मुलींच्या शाळेत शिवणशिक्षिका, सेवा एकतीस वर्षे. बोटांचे ठसे: सुईने झिजल्यामुळे अवाचनीय. बुबुळे: पापण्यांआड. हयात असल्याचा पुरावा: प्रलंबित.

पेन्शन कचेरीच्या यंत्राने बुबुळ टिपल्याशिवाय माणूस जिवंत धरत नसत. बाईंच्या पापण्या सकाळी अर्ध्या उघडत, दुपारपर्यंत साफ मिटत. बोटांनी उचलून धरल्या की यंत्र गोड आवाजात म्हणे, "कृपया हात बाजूला घ्या." एके काळी बाईंना वाकडी टीप खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची आणि नुसत्या नजरेने वर्ग गप्प व्हायचा. आता शेजारीण म्हणे, बाई बसल्याजागी समाधी लावतात.

भाच्याने त्यांना मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे नेले. नसेचा निरोप स्नायूला नीट पोचत नसावा, डॉक्टर म्हणाले; शिरेतून एड्रोफोनियम देऊन पाहू. तोच आजार असेल तर पापण्या मिनिटभरात उठतील आणि पाचेक मिनिटांत पुन्हा पडतील. हा उपचार नव्हे, नुसती परीक्षा. दमा नाही ना, हृदयाचे दुखणे नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारले.

भाच्याच्या कानात फक्त पाच मिनिटे शिरली. हयातीच्या दाखल्याच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. तो कचेरीतल्या यंत्रवाल्याला हातापाया पडून दवाखान्यात घेऊन आला.

"आत्ता आत नको," डॉक्टर भाच्याला म्हणाले. "नाडी एकदम उतरू शकते. ठोके ठीक दिसले तर मी खूण करेन, मग दार उघडा."

यंत्रवाला बाहेर बाकावर बसला. सिस्टर ॲट्रोपिनची भरलेली सिरिंज हातात धरून पडद्यावरचे ठोके बघत राहिली. नाडी फार उतरलीच तर तो उतारा. आधी औषधाचा थेंबभर अंश दिला. काही झाले नाही. मग उरलेले.

पापण्या उठल्या. आतून कुणी दोरी ओढावी तशा, दोन्ही एकदम. वर्षभर निजलेल्या त्या चेहऱ्यात कुणी दुसरेच उठून बसले. नजर छतावरून फिरली, सिस्टरवरून सरकली आणि भाच्यावर येऊन थांबली. ठोके थोडे मंदावले. सिस्टरचा हात हलला, डॉक्टरांनी तळवा दाखवला. ठोके सावरले. डॉक्टरांनी दाराकडे मान हलवली.

"तुझे केस कधी पांढरे झाले?" बाईंनी विचारले.

"वर्ष झालं असेल, मावशी."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

दार चार पावलांवर होते. भाचा टीप वाकडी गेलेल्या मुलीसारखा उभाच राहिला. मावशीही बघतच राहिली, एकदाही पापणी न लववता.

मग एक पापणी पडली, पाठोपाठ दुसरी. मिटलेल्या चेहऱ्याने विचारले, "आहेस ना इथेच?"

दारावर टकटक झाली. यंत्रवाल्याने विचारले, "बुबुळं तयार आहेत का?"

डॉक्टरांनी 'चाचणी सकारात्मक' असे लिहून रोजच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी कचेरीने नोंद केली: मुदतीत पुरावा नाही, सबब मयत.

त्याच दिवशी सकाळी नऊला बाईंनी पहिली गोळी घेतली. दहा वाजता त्या पेपर वाचत होत्या.