कच्च्या शूटिंगचा फोल्डर

मुलीच्या लग्नाचं शूटिंग सेलूच्या फोटोवाल्यानं हार्ड डिस्कवर दिलं होतं. एका फोल्डरात गाणीबिणी टाकून सजवलेली फिल्म, दुसऱ्यात कॅमेऱ्यात आलं तसं सगळं कच्चं शूटिंग. ती डिस्क मी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. पुढं वडील गेले आणि आई बोरीचं घर बंद करून जिंतूरला आमच्याकडे राहायला आली. "लग्नाचं लाव की रे, मला तुज्या बापूला बघू दे," असं अधूनमधून म्हणायची. डिस्क खराब झालीय, असं मी तिला सांगितलं होतं.

खराब काही झाली नव्हती.

कपाट आवरताना बायकोच्या हाती ती लागली. "आवो, लॅपटॉपला लावली की उघडायलीय. खराब कुठंय?" घरातले सगळे फोन फोटोंनी भरलेले, आणि ऑनलाइन जागेसाठी दर महिन्याला पैसे भरायची माझी तयारी नव्हती. आपल्या राउटरला मागं यूएसबीची जागा आहे, तिथं डिस्क लावली की घरातल्या सगळ्या फोनवर आणि आईच्या खोलीतल्या टीव्हीवर दिसेल, हे मीच बोलून बसलो. शाळेच्या ऑफिसातली संगणकाची कामं माझ्याकडेच असतात. येत नाही म्हणायची सोय नव्हती.

डिस्क लावली तर टिकटिक करून बंद पडायची. राउटरकडून तिला वीज पुरत नव्हती. मग स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मधे जोडला आणि सगळं इन्व्हर्टरवर घेतलं; लाइट गेली की फाइली बिघडतात. राउटरच्या सेटिंगमध्ये शेअरिंग चालू केलं, पासवर्ड टाकला. पूर्ण डिस्क दाखवायची की निवडक फोल्डर, असं तिथं विचारलं. मी फोनमधल्या फोटोंसाठी केलेल्या नव्या फोल्डरवर आणि सजवलेल्या फिल्मवर खूण केली. कच्चं शूटिंग सोडून दिलं.

आईनं फिल्म शेवटपर्यंत बघितली.

"लय भारी काढलंय. पण तुजे बापू कुठंच दिसंनात."

"असतील कुठंतरी मागं."

"मागं कशाला? नातीचं लगीन हुतं. मुडदा बशिवला त्या फोटोवाल्याचा!"

माझ्यापायी ती त्याला शिव्या द्यायला लागली, ते ऐकवेना. राहिलेल्या फोल्डरवर खूण केली आणि मीच टीव्हीवर लावलं.

स्टेजवर नवरा-नवरीशेजारी वडील उभे. फेटा सैल झालेला, धोतरावर वरणाचा डाग. पायऱ्यांवर नवरदेवाकडची साहेब मंडळी. आणि माझा आवाज : "बापू, तुमी जरा खाली बसा. पाहुण्यांचे फोटो होऊ द्या."

वडील कठडा धरून उतरले. त्यांना परत वर बोलवायचं मी विसरलो. विसरलो हेही खरं नाही. बोलावलं नाही.

"आई, मी..."

"मला ठावं हाय. मी तितंच हुते की. 'पोराला माजी लाज वाटायलीय,' म्हणले घरी आल्यावर." तिनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "आता गप बस अन् म्होरं जाऊ दे."

पुढं ते खाली खुर्चीत होते, फेटा मांडीवर. कुणाचं तरी तान्हं त्यांचा चष्मा ओढत होतं आणि ते हसत होते.

"दांडी मोडली बग त्या पोरानं," आई म्हणाली आणि टीव्हीजवळ सरकून बसली.

आता दुपारी जेवण झालं की ती स्वतःच लावते. शूटिंग पुढं ढकलायचं तिला जमत नाही, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी मला बाहेरच्या खोलीत माझं ते बोलणं ऐकू येतं. बायको एकदा म्हणाली, "तेवढं बोलणं कापून टाका की."

"कापू नगा," आई आतून म्हणाली. "त्याच्या आदी ते स्टेजवर फेटा बांधून हुबे हायेत, तेबी जाईल. तेवढंच हाय."

मग ते तसंच ठेवलंय.