सव्वादोनचे दोन झाले तेव्हा शैलाताई होत्या

माझ्या चुकीमुळे एक माणूस चोर ठरला होता.

आणि ज्या बाईंनी मला ती चूक त्याच्या तोंडावर कबूल करायला लावली, त्या आज सकाळी सुरतमध्ये वारल्या.

शैलाताई. माझ्या पहिल्या नोकरीतल्या सीनियर.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी सुरतच्याच लिंबायत भागातली. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात लागले. आम्ही चार माणसं, दोन कॉम्प्युटर. शैलाताईंनी मला तिथेच सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवली.

माझा पहिला स्वतंत्र प्रोग्राम पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलसाठी, कापड रंगवणाऱ्या गिरणीसाठी होता. लॅबवाले चाळीस किलो कापडाला किती रंग लागतो ते द्यायचे. मोठ्या लॉटला किती लागेल, ते माझा प्रोग्राम काढायचा आणि चिठ्ठी छापायचा.

त्या चिठ्ठीप्रमाणे रंग मोजायचे भिकाआबा. आमच्याच खानदेशातले, पन्नाशीचे. पंधरा वर्षं तेच काम.

दीड महिन्यात मिलमध्ये बोंब झाली. काही लॉट फिके निघत होते. लाल साडीचं कापड गाजरासारखं.

मॅनेजरने ठरवून टाकलं, आबा रंग चोरतो. त्यांना घरी बसवलं. आम्हाला फोन आला, "चिठ्ठ्यांचं रेकॉर्ड छापून द्या. पुरावा पाहिजे."

पुरावा म्हणजे माझा प्रोग्राम.

शैलाताई आणि मी गेलो. आबा गेटबाहेर उभे होते. आत सोडत नव्हते त्यांना. माझं बोलणं ऐकून त्यांना मी कुठली ते कळलं असावं.

"बेटा, चिठ्ठीवर जितलं व्हतं तितलंच मी मोजं."

मी मान खाली घातली. कॉम्प्युटर चुकत नाही, असं मलाही वाटत होतं. खरंच वाटत होतं.

शैलाताई मात्र थांबल्या. "आबा, सगळेच लॉट फिके येतात का?"

"नही ना ताई. ऐंशी किलोना बराबर येस. नव्वदना आना की फिका पडस. मी सांगं त्यास्ले. मन्हं कोन आयकस?"

शैलाताईंनी ते वहीत लिहून घेतलं.

ऑफिसला परत आल्यावर त्यांनी माझा कोड उघडला.

"नव्वद भागिले चाळीस किती?"

"सव्वादोन."

"छापून बघ."

स्क्रीनवर आलं, 2.000000.

मला काही कळेना. सीमध्ये अपूर्णांक ठेवायच्या प्रकाराला फ्लोट म्हणतात, पूर्णांकाच्या प्रकाराला इंट. "पण ताई, मी उत्तर फ्लोटमध्ये घेतलंय!"

"उत्तर फ्लोटमध्ये. पण भागतेस कोणाला? दोन्ही आकडे इंट. दोन पूर्णांक दिलेस तर कंपायलर भागाकार पूर्णांकातच करतो, पाव टाकून देतो. उत्तर कुठे ठेवायचंय ते तो नंतर बघतो. मग त्या दोनाचा फ्लोट करतो. पण गेलेला पाव परत कुठून येणार?"

ऐंशीला बरोबर दोन यायचे. एकशेवीसला तीन. तिथे काही बिघडत नव्हतं. नव्वद आलं की रंग फक्त ऐंशी किलोपुरता.

आणि आबा तोच इमानदारीने मोजत होते.

दुरुस्ती एका शब्दाची होती. लॉटच्या आकड्याआधी कंसात फ्लोट लिहायचं. एक आकडा फ्लोट झाला की कंपायलर दुसऱ्यालाही फ्लोट करून घेतो आणि मग भागतो. मी लिहिलं. आलं 2.250000.

मी घाबरून म्हटलं, "ताई, नवीन फ्लॉपी देऊन टाकू. व्हर्जन बदललं म्हणू. कोणाला कळणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत.

"आणि आबांचं काय?"

मी रडायला लागले. त्या पाणी घेऊन आल्या, माझं आवरेपर्यंत बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "चल."

मॅनेजर ऐकायलाच तयार नव्हता. हसून म्हणाला, "कम्प्युटर खोटुं नी बोले, बेन."

शैलाताई शांतपणे म्हणाल्या, "साचुं छे. खोटुं अमे लखेलुं."

कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, खरं आहे. खोटं आम्ही लिहिलं होतं.

'आम्ही' म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलं?"

"प्रोग्राम तपासून मीच दिला होता ना? मी फक्त ऐंशीवर बघितलं. नव्वदवर बघितलंच नाही."

मग रिक्षाने लिंबायत. आबांच्या खोलीत त्यांची बायको, सून, सगळे बसलेले. शैलाताई दारातच थांबल्या. "तू सांग," म्हणाल्या.

मी सांगितलं. अहिराणीतच सांगितलं, अडखळत.

आबांनी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हनजे मी चोर नही."

"नही, आबा."

"हाई तठे मिलमा सांगा. समदासमोर."

त्यासाठी शैलाताई चार दिवस मिलमध्ये खेटे घालत होत्या. पाचव्या दिवशी मॅनेजरने रंगखात्यात सगळ्यांना उभं केलं आणि 'भूल थई गई', चूक झाली, एवढंच म्हणाला. आबा तिथे होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली आणि कामाला लागले.

मिलने आमचं काम बंद केलं. आमच्या साहेबांनी मला काढायचं म्हटलं, तर शैलाताई म्हणाल्या, "मग मलाही काढा." मी राहिले.

पुढे मी पुण्याला आले. लग्न, नोकरी, मुलं. फोन आधी दर महिन्याला, मग दिवाळीला, मग राहूनच गेला.

त्या आजारी होत्या, हेही मला आज कळलं.

मघाशी त्यांच्या घरी फोन केला. त्यांच्या भावाने उचलला. "आपण कोण?"

"त्यांची विद्यार्थिनी," म्हटलं.

पलीकडून ते म्हणाले, "सकाळपासून असेच फोन येतायत. सगळे हेच सांगतात."

ताई, फोन करायला उशीर केला मी. माफ करा.

तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.