वाटाघाटीत गेलेला पासपोर्ट

“यान, यात पासपोर्टचा मुद्दा कुठे आहे?”

“जागा नव्हती.”

“ईमेलमध्ये जागा संपते?”

यान माझा बॉस. डच माणूस. आमची छोटी कॅम्पेन कन्सल्टन्सी अमेरिकेत हर्नडनमध्ये आहे आणि तेव्हा आमचा क्लायंट होता नेदरलँड्समधला एक मधल्या आकाराचा पक्ष. अमेरिकेत राहणारे डच नागरिक तिथल्या संसदेसाठी पोस्टाने मत देतात. त्यांच्यापर्यंत पोचणं हे माझं काम. निवडणूक झाली होती, आता थँक-यू ईमेल पाठवायचा होता. पक्षाकडून मजकूर आला: घरं, हवामान, शाळा. बस.

आणि मतं मागितली होती ती पासपोर्टवर! डच नागरिकाने स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, तर काही अपवाद सोडता त्याचं डच नागरिकत्व जातं. हा नियम आम्ही काढणार, असं पॅम्फ्लेटवर ठळक छापलं होतं. पक्षाने मंजूर केलेलं वाक्य, माझ्या मनचं नव्हे.

तिकडे एका पक्षाला बहुमत मिळतच नाही. मतमोजणीनंतर एक मध्यस्थ नेमतात. कोण कोणाबरोबर सरकारात बसू शकेल, हे तो चाचपतो. आमचा पक्ष त्या बोलण्यांत होता. बोलणी चालू असताना बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असा रिवाज. यान त्याला शिस्त म्हणतो. मला तो पडदा वाटतो.

मी पक्षनेत्या बाईंच्या मुलाखती परत ऐकल्या. प्रचारात प्रत्येक वेळी पासपोर्ट. बोलणी सुरू झाल्यावर पत्रकाराने विचारलं, तर “आतलं सांगता येत नाही.” त्याच मुलाखतीत घरांबद्दल मात्र भरभरून. म्हणजे रिवाज फक्त पासपोर्टला लागू? माझ्या मनात पाल चुकचुकली. बोलण्यांत हा मुद्दा सोडून त्याबदल्यात घरांचा मुद्दा पदरात पाडून घेतला असणार.

मला एवढं झोंबलं ते मंगलकाकूंमुळे. आमच्या मतदारांपैकीच एक, मूळच्या नागपूरच्या. काकांच्या नोकरीमुळे बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला, तिथे दोघं डच नागरिक झाले, मग इकडे बदली. मुलगा इथे, मुलगी तिथे. काकूंची अमेरिकन नागरिकत्वाची शपथ तोंडावर आली होती.

“तुझं पॅम्फ्लेट फ्रिजवर लावलंय मी,” त्या फोनवर म्हणाल्या. “ओथ पुढे ढकलून मागते. तोवर नियम जाईल, मग दोन्ही पासपोर्ट!”

“काकू, ते धरून चालू नका.”

“का? ठरलं का तिकडे?”

“कोणी काही सांगत नाहीये. म्हणूनच म्हणते.”

“भारताचा पासपोर्ट देताना रडले होते गं मी. आता परत तेच? मुलगा हवा की मुलगी, हे मी पासपोर्टवरून ठरवू?”

 फोन ठेवला तर यान मागे उभा; काकूंना काय म्हणाले ते त्याला सांगितलं.

“मतदाराला हे सांगितलंस? पुरावा आहे?”

“नाही. तू सांग ना मग. म्हण, मुद्दा शाबूत आहे. आत्ता तिला परत फोन लावते.”

यान कॉफी ढवळत राहिला. तो साखर घेत नाही.

शपथेची तारीख येण्याआधीच काकूंनी अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज मागे घेतला. मुलाकडे ग्रीन कार्डवर राहता येतं, एअरपोर्टवर धाकधूक होते तेवढीच. मुलीकडे कायमचं जायचं झालं, तर डच पासपोर्टच हवा.

पुढे आघाडीचा करार जाहीर झाला. आमचा पक्ष सरकारात. पासपोर्टबद्दल एक ओळ: विषयाचा अभ्यास करण्यात येईल.

“बघ, आहे की!” यान खुशीत.

“काकूंना सांग. त्यांचा अभ्यास केव्हाच झालाय.”

तेव्हापासून बोलणी चालू असताना पक्ष काय बोलतो, याकडे मी फारसं बघत नाही. प्रचारात बोंबलून सांगितलेलं काय सांगायचं बंद झालं, ते बघते. आणि ज्याचं त्यावर काही अडलंय, त्याला लगेच फोन करते. करार छापून येईपर्यंत लोकांच्या तारखा थांबत नाहीत.