सुधारून लिहिलेली उत्तरं

मुलांनो, गेल्या खेपेला तुम्ही फोनवर सांगत होतात की तुमच्या वर्गातल्या एका मुलाला अक्षरं लवकर लागत नाहीत, म्हणून त्याला परीक्षेत जास्त वेळ मिळतो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. तेव्हा मी विषय बदलला. का बदलला, ते लिहिते.

आमगावला आपल्या घरालगत खत-बियाण्यांचं दुकान आहे, ते तुम्हाला आठवत असेल. त्या दुकानदाराची मुलगी या वर्षी दहावीला होती. धानाचं कोणतं बी किती दिवसांत निघतं, कोणत्या जमिनीत चालतं, हे ती गिऱ्हाइकाला घडाघडा सांगते. पिशवीवरचं नाव मात्र तिला वाचता येत नाही. ती रंग आणि चित्र बघून पिशवी काढते. शाळेत तिला सगळे आळशी म्हणायचे. नववीत असताना बाहेरून येणाऱ्या विशेष शिक्षिकेच्या ध्यानात आलं की हा आळस नाही, याला डिस्लेक्सिया म्हणतात. या बाई महिन्यातून एकदा येतात, आणि त्यांच्याकडे बऱ्याच शाळा आहेत. प्रमाणपत्र आणलं तर दहावीला लेखनिक मिळेल, म्हणजे ही तोंडी सांगेल आणि खालच्या वर्गातली मुलगी लिहील, असं त्यांनी सांगितलं.

वडील तयार नव्हते. "काकू, कागदावर पोरगी अपंग म्हणून लिवून आणू का? उद्या सोयरिकीले कोणी इचारलं तं काय सांगू?"

"नापास झाली तर काय सांगाल, भाऊ?"

"नापास झाली तं घरी बसन. एकदाच चान्स आहे, आधीच सांगतलं तिले."

शेवटी तिच्या आईने हट्ट धरला. नागपूरच्या तीन खेपा झाल्या, प्रमाणपत्र आलं. तोंडी सांगायचा सराव कोण घेणार, असा प्रश्न आला तेव्हा मी आपण होऊन म्हटलं, मी घेते. मला वाटलं, या कामाला गावात माझ्याहून लायक कुणी नाही.

मी गोंदियाच्या सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं स्टेनो होते, इंग्रजी आणि मराठी दोन्हीची. साहेब लोक मजकूर सांगायचे तो कसाही असायचा. मधेच फोन घेत, मागचं पुढे सांगत, एकच गोष्ट दोनदा म्हणत. टाइप होऊन निघालेलं पत्र मात्र सरळ असे. एका साहेबांनी सही करताना विचारलं होतं, "मी इतकं चांगलं बोललो होतो का?" त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं खूश होते.

दिवाळीनंतर मुलगी रोज संध्याकाळी येऊ लागली. मी प्रश्न वाचायची, ती सांगायची, मी लिहायची. पचनाची क्रिया विचारली तर म्हणायची, "आतड्यात रस सुटते, मंग ते रक्तात जाते. थांबा आजी, आधी तोंडात लाळ राहते. जठराचं तं सांगतलंच नाही मी."

कागदावर माझ्या हातून उतरायचं ते असं: तोंड, जठर, आतडं, ओळीने, तीन परिच्छेदांत. फसवायचा विचारही मनात नव्हता. हात तसाच चालायचा. वर मी ते कागद शाळेत मुख्याध्यापकांना दाखवायला नेत असे. ते म्हणाले, "मॅडम, हिची तर गाडी रुळावर आली." शनिवारी शाळेत अशा मुलांसाठी विशेष शिक्षिकेने नेमून दिलेला एक जादा तास असायचा, त्यात फार मुलं झाली होती. हिचे कागद बघून हिचं नाव त्यातून काढलं आणि जागा दुसऱ्याला दिली. मला तेव्हा आनंदच झाला.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. लेखनिक म्हणून नववीतली एक मुलगी बसली. तिला सांगितलं होतं तसंच तिने केलं: जे ऐकलं ते लिहिलं. विज्ञानाचा पेपर मुख्याध्यापकांनी माझ्यापुढे ठेवला. आतडं आधी, तोंड नंतर, मधे एक प्रश्न अर्धा सोडलेला, आणि दोन ठिकाणी चक्क "थांबा" असं लिहिलेलं. ते म्हणाले, "घरी तर छान व्हायचं, मॅडम." त्यांच्या टेबलावरच माझे कागद होते. दोन्ही शेजारी ठेवले, तेव्हा कळलं की घरी ती उत्तरं मीच जुळवत होते.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

"मले वाटलं मलेच येऊन राहिलं," ती म्हणाली. "मंग ते घरचे कागद तुमचे होते, आजी."

"हो."

"मले आधी काऊन नाही सांगतलं?"

"मलाच कळलं नव्हतं."

"तुमाले तं सारंच कळते," ती म्हणाली. टोमणाच होता, आणि तो लागू होता.

परीक्षेला दीड महिना राहिला होता. शनिवारच्या तासात तिचं नाव परत घ्या म्हणून मी दोनदा गेले. जागा झाली नाही. घरी मी ती म्हणेल तेच लिहू लागले. ते मला जमेना. हात आपोआप पुढचं वाक्य जुळवायचा, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं की ती कागद ओढून म्हणायची, "हे मी नाही म्हटलं." एका आठवड्यानंतर ती यायची थांबली. त्या नववीतल्या मुलीकडे जाऊन बसू लागली. तिथे जे सुटलं ते सुटलेलंच दिसायचं, त्यामुळे बोलायच्या आधी बोटांवर मुद्दे मोजायची सवय तिने स्वतःच लावून घेतली, असं तिची आई सांगत होती.

निकाल लागला. बाकी विषय काठावर निघाले, विज्ञान राहिलं. वडिलांनी कसंबसं पुरवणी परीक्षेपर्यंत थांबायचं कबूल केलंय. "त्यानंतर नाही, काकू. तुमच्या नादानं लय झालं."

आता अडचण अशी की ती लेखनिक मुलगी स्वतःच दहावीत गेली. लेखनिक खालच्या वर्गातलाच लागतो. म्हणजे जिच्याबरोबर ही इतके दिवस बसली, ती चालणार नाही. नव्याने नववीत आलेली कुणी अनोळखी मुलगी मिळेल, तीही कदाचित पेपरच्याच दिवशी. मी काल मुख्याध्यापकांच्या घरी गेले आणि म्हटलं, आजच एक मुलगी ठरवा, दोघींना रोज तासभर एकत्र बसू द्या. ते म्हणाले, "मॅडम, आधी शाळा तर उघडू द्या."

शाळा महिनाअखेरीला उघडते आणि पेपर त्यानंतर थोड्याच दिवसांत आहे. मधे किती संध्याकाळी मिळतील त्या मी मोजल्या आहेत, आणि त्या फार थोड्या आहेत. तिच्या आईने नव्या नववीतल्या दोन मुलींची घरं मला सांगितली आहेत. उद्या सकाळी मी त्यांच्या आयांना विचारायला जाणार आहे. मुलगी सोबत येणार नाही म्हणाली. मी आग्रह केला नाही.