झेव नावाच्या साठ वाट्या

आमच्या घराण्यात चार अक्षरांखाली कुणाचं नाव गेलेलं नाही. वडील शांतवन, चुलते देवदत्त, बहीण आशालता. माझ्यावर तर कृपासागर असं पाच अक्षरांचं ओझं टाकलेलं आहे. शाळेत हजेरी घेताना गुरुजी माझ्या नावाआधी दम घ्यायला थांबायचे. म्हणून मुलगा झाला तेव्हा मी बायकोला म्हणालो, "याला तरी सुटसुटीत नाव देऊ." बायकोचं नाव रूथ. तिचं सगळं आयुष्य दोन अक्षरांत छान भागलेलं आहे. तिनं मोबाईलवर शोधून नाव काढलं, झेव.

"कसं वाटतं?"

"भारी," मी म्हणालो, आणि लगेच मोबाईल पालथा ठेवला. कारण हे नाव दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायचं होतं.

आमच्यात बाळाचा बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्ये होतो. पाळकसाहेब सगळ्या मंडळीसमोर बापाला विचारतात, "या बालकाचं नाव काय?" बापानं जे सांगितलं ते उच्चारून बाळाच्या डोक्यावर पाणी. ते पाणी एकदाच पडतं, चुकलं म्हणून पुढच्या रविवारी परत या असं काही नसतं. आणि दादा नेहमी पहिल्या बाकावर बसतात.

मी सुप्याला कंपनीत आहे. तिथं आधी अंदाज घ्यावा म्हणून जेवणाच्या सुट्टीत विचारलं.

सुपरवायझर म्हणाला, "एकदम स्टायलिश. पुण्यातलं वाटतं."

शेजारच्या मशीनवरचा शिंदे भाकरी मोडत म्हणाला, "लई शायनिंग वाटतंय. आन् पोरगं काळंसावळं निघालं तर?" (पोरगं माझ्यावर गेलं होतं, म्हणजे तो प्रश्नच मिटला होता.)

मग मी चहावाल्याला विचारलं, वॉचमनला विचारलं, केडगावला आम्ही राहतो तिथल्या खालच्या मजल्यावरच्या सलमाभाभींना विचारलं. निम्मे म्हणाले झकास, निम्मे म्हणाले उगाच फॅशन. माझी झोप उडाली ती उडालीच.

रूथला असल्या शंका येत नाहीत. तिनं पाहुण्यांना द्यायला स्टीलच्या साठ वाट्या आणल्या आणि प्रत्येकीवर मशीननं कोरून घेतलं, 'चि. झेव याच्या बाप्तिस्म्यानिमित्त सप्रेम भेट'.

वाट्या घरी आल्यावर मला सुचलं, नावाचा अर्थ तरी बघावा. हा क्रम आमच्याच घरात होऊ शकतो! हिब्रू भाषेत झेव म्हणजे लांडगा.

दादा शेळ्या पाळतात. त्याच्या दोन वर्षं आधी लांडग्यानं त्यांच्या तीन शेळ्या नेल्या, तेव्हा दोन दिवस ते जेवले नव्हते. शिवाय आमच्या चर्चमध्ये पाळक हा मेंढपाळ आणि मंडळी हा कळप. त्या कळपात, पाळकाच्याच हातात, मी लांडगा देणार होतो.

"आज दादांना सांगून ये," रूथ रोज म्हणायची. गाव सुप्यापासून सात-आठ किलोमीटर. सोमवारी गेलो, दूध घेऊन परत आलो. बुधवारी गेलो, मेथी घेऊन आलो. शुक्रवारी दादाच म्हणाले, "काय बोलायचं हाय का तुला? तीन खेपा झाल्या."

"नाही, शेळ्या बऱ्या आहेत ना?"

"शेळ्यांना काय धाड भरलीय?"

मी बोराएवढं तोंड करून शेळीचं एक पिल्लू कुरवाळलं आणि शेंगा घेऊन परत आलो. रूथला सांगितलं, "दादांना कल्पना दिली." माझ्या संसारातलं हे सगळ्यात महागडं वाक्य.

रविवारी चर्च गच्च भरलं. समोर दादा, नवी टोपी, मांडीवर हात. पाळकसाहेबांनी बाळाला घेतलं आणि विचारलं, "या बालकाचं नाव काय?"

मी तोंड उघडलं. दादांनी मान पुढं केली. रूथनं मला कोपरानं ढोसलं. सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती आणि माझ्या तोंडून ठणठणीत आवाजात निघालं, "शांतवन."

पाणी पडलं. बाळानं टाहो फोडला. रूथकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

बाहेर मांडवात बहिणीनं जेवण होताहोता वाट्या वाटल्या. दहा मिनिटांत कुजबुज सुरू झाली. "ह्यो झेव कोन?" "दुसऱ्या कुनाच्या वाट्या दिसत्यात." एका आजीनं तर माझी कीव केली, "गरीब हाय लेकरू, जुना माल घिऊन आलं."

रूथ बाळाला घेऊन माझ्यासमोर आली. "कल्पना दिली होती ना?" एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दादा वाटी घेऊन आले. मला वाटलं, आता चारचौघांत शोभा होणार. त्यांनी चष्मा वर करून वाटी परत वाचली.

"ह्ये नाव ठरलं हुतं व्हय?"

"हो. पण दादा, त्याचा अर्थ लांडगा होतो," मी सगळंच ओकून टाकलं.

"मग बरंच हाय की. दुसरे लांडगे तरी लांब ऱ्हातील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् माजं नाव कशाला घातलंस त्याच्या गळ्यात? सत्तर वर्सं वागवलंय मी ते. लहानपनी पोरं मला शांताबाई म्हनायची. तुला ठावं न्हाई, मी तुजं नाव राजू ठेवनार हुतो. पन माज्या बापाला सांगायचं धाडस झालं न्हाई."

रूथ रडतारडता हसली. मी मात्र तिथंच खुर्चीवर बसलो, कारण राजू हे नाव मला फार आवडलं होतं.

चर्चच्या वहीत तो शांतवन राहिला, जन्माच्या दाखल्यावर झेव लागलं, आणि सगळं गाव त्याला झेवच म्हणतं. दादा तर गोठ्यातूनही हाक मारतात. चारचौघांत मी तेवढा अजून 'बाळा' म्हणून वेळ मारून नेतो. परवा त्याला बालवाडीत घालायला गेलो. बाईंनी मला विचारलं, "मुलाचं नाव?" मी घसा खाकरला, रुमाल काढला, घाम पुसला. शेवटी पोरगंच पुढं झालं.

"मी झेव," तो म्हणाला. "पप्पांना विचारू नका, ते घाबरतात."