गौसभाईंची हनुवटी

पेटी सुरात लावायची म्हटलं की कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत गौसभाईंचंच नाव निघायचं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, खांद्याला कापडी पिशवी, तीत बारीक कानशी. आणि आवाज असा, की कोपऱ्यावरनं त्यांनी "वहिनी" म्हटलं की मी आत चहाचं आधण ठेवायची. भात्याचं चामडं चिकटवायचं काम त्यांची बायको रशिदा करायची. त्यामुळं दोघं जोडीनंच येत.

गौसभाईंची एक लकब होती. पेटीच्या फळीवर हनुवटी टेकायची, डोळे मिटायचे, पट्टी दाबायची. मग आतला पितळी सूर, म्हणजे वाजणारी पत्ती, कानशीनं नखभर घासायचा, की परत हनुवटी फळीवर.

"उस्तादांची शिकवण हाय," ते सांगत. "सूर लाकडातनं घ्यायचा. हवेतला सूर भरवशाचा न्हाय."

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत माझे दीर, सयाजीभाऊजी, पुण्याहून कॉम्प्युटर घेऊन आले. आमच्या लाकडी कपाटाच्या टीव्हीलाच तो जोडला. मी तेव्हा संगीताच्या परीक्षेला बसले होते, आणि ऐकलेले सूर लिहून काढण्यात अगदी कच्ची. म्हणून भाऊजींनी एक प्रोग्रॅम बसवून दिला. कॉम्प्युटर आधी सा द्यायचा, मग तीन सूर वाजवायचा. ते ओळखून बटणं दाबायची. चुकलं की पडद्यावर फुली.

एके दिवशी पेटीचं काम उरकून गौसभाई माझा अभ्यास बघत उभे राहिले.

"ह्यात काय अवघड हाय?"

"बसा की मग," भाऊजी म्हणाले. "चुकलात तर?"

"चुकलो तर कानशी रंकाळ्यात टाकतो! परत पेटीला हात लावायचा न्हाय."

पहिली फुली पडली. आम्ही हसलो. दुसरी पडली, तिसरी पडली. चौथ्या वेळी सा आणि प, एवढा उघड फरक, तोही चुकला. माझं हसू विरलं.

"मशीन पुटपुटतंय की," गौसभाई कुरकुरले.

पुटपुटत कसलं! सूर स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ जात होते.

ते उठले. सवयीनं असेल, टीव्हीच्या लाकडी कडेला त्यांनी हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. "वाजवा आता."

सांगितलेले तिन्ही सूर बरोबर. पुढचेही बरोबर. त्यापुढचेही. भाऊजी टाळ्या पिटायला लागले. मी मात्र त्यांचा खांदा हलवला आणि समोर उभी राहिले.

"गौसभाई, जरा मागं सरका. आता ऐका."

फुली.

भाऊजींचे हात हवेतच थांबले. या माणसाला सूर हाडातून कळत होता, कानानं नव्हे. आणि आम्हाला कुणाला कधी पत्ता लागला नव्हता. कसा लागणार? कोल्हापुरात मोठ्यानं बोलणाऱ्याला बहिरा कोण म्हणतंय? आम्हीही त्यांच्याशी समोर उभं राहून, ओरडूनच बोलायचो.

गौसभाईंनी आमच्या तोंडांकडं पाहिलं आणि त्यांना शंका आली. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"रशिदा, मला हाक मार."

दाराशी बसलेल्या रशिदानं हाक मारली, "अजी!"

ते तसेच उभे.

"अजी, सुनते क्या?"

"अगं, मार की!" गौसभाई भिंतीवरच ओरडले.

रशिदानं तोंडात पदर कोंबला. हाक येईना तसे ते वळले. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मारलीस? कवा?"

"दोन वर्सं मारतीया!" ती किंचाळली. "घरात हाक मारली की पाठ करून बसता. मला वाटलं, माझा आवाज नको झालाय तुमास्नी. म्हणून गप ऱ्हायला लागले."

"आनि मी समजत हुतो, तूच रुसलीयास," गौसभाई म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतली कानशी काढून भाऊजींपुढं धरली. "शब्द दिलाय. टाका रंकाळ्यात."

रशिदा उठली. तिनं ती कानशी हिसकून घेतली, कमरेला खोचली आणि त्यांच्या अगदी तोंडासमोर जाऊन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आधी कानाच्या डाक्टरकडं चला! रंकाळा कुठं पळून चाललाय?"

"व्हय," गौसभाई म्हणाले.

त्यांना ऐकू येत नाही, हे सांगायचं धाडस मला झालं नसतं. चहा तसाच गार झाला होता. मी दुसरा ठेवायला उठले.