तेरा वर्षं जमिनीवर

मेर्वी कान्तोला दुधाचा टँकर चालवायची. हापानेवा गावाच्या आसपासचे एकतीस गोठे तिच्या फेरीत होते. एक दिवसाआड प्रत्येक गोठ्यावर जायचं, नळी जोडायची, नमुन्याची बाटली भरायची, दूध ओढून घ्यायचं आणि मालकाशी हवेबद्दल दोन वाक्यं बोलून पुढचा रस्ता धरायचा. आमच्या भागात माणसाचं याहून जास्त बोलण्यावाचून काही अडत नाही. हिवाळ्यात रस्ते काचेसारखे व्हायचे, तरी तिनं टँकर कधी चरात घातला नाही.

हीच बाई एके काळी विमानातून उड्या मारायची, हे गावात नव्यानं आलेल्यांना सांगूनही पटत नसे. चारशे बारा उड्या झाल्या होत्या तिच्या. मे ते सप्टेंबर दर शनिवार-रविवार तिचा मुक्काम गावाबाहेरच्या धावपट्टीवर. नवरा पासी स्वयंपाकघरांची कपाटं करणारा सुतार. त्याला शिडीच्या चौथ्या पायरीवर घेरी यायची, पण बायकोला त्यानं कधी अडवलं नाही. "एका घरात दोन शहाणे कशाला?" म्हणायचा.

मग चौतिसाव्या वर्षी, एका ऑगस्टात, तिनं उड्या एकदम बंद केल्या. कुणी विचारलं की म्हणायची, "आमची वेन्ला चार वर्षांची झाली. आता पुरे." लोकांना ते बरोबर वाटलं. सासूला तर इतका आनंद झाला की तिनं बोरांचा केक करून आणला.

खरं काय घडलं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्या शनिवारी आभाळ निरभ्र होतं. संध्याकाळी नणंद जेवायला यायची होती, म्हणून मेर्वीनं सकाळीच सामन मासा मीठ-साखर लावून मुरत ठेवला होता. घरी सगळं ठीक होतं. भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं. विमानातून सगळ्यात शेवटी तिनं एकटीनं उडी घेतली, चार हजार मीटरवरून. एक हजारावर छत्री उघडायची, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. मनगटावरच्या उंचीच्या घड्याळात काटा एक हजारावर आलेला तिनं पाहिला. काटा धोक्याच्या लाल पट्ट्यात शिरला, तेही पाहिलं. उजवा हात कमरेमागच्या छत्रीच्या मुठीकडे न्यायचा, मूठ ओढायची, एवढंच काम. हात गेला नाही.

भीती वाटत नव्हती, दुःखही नव्हतं. एक विलक्षण निवांतपणा होता, जसं काही कुणाला काहीच सांगायचं, करायचं, पोचवायचं उरलेलं नाही. खाली बार्लीची शेतं मोठी मोठी होत होती आणि ती नुसती बघत होती.

मग पाठीवर धाडकन आवाज झाला. अशा वेळेसाठीच छत्रीच्या गाठोड्यात एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. माणसानं काही केलं नाही, तर ते शेवटच्या घटकेला राखीव छत्री सोडतं. मेर्वी जेमतेम काही सेकंद छत्रीखाली लोंबकळली आणि बार्लीत उतरली, चक्क दोन पायांवर.

उड्यांच्या क्लबात सुरक्षेचं काम योर्मा नावाच्या माणसाकडे होतं. मेर्वीला पहिली उडी त्यानंच शिकवली होती. तो रबरी बूट घालून शेतातून धावत आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"लागलं कुठं?"

"नाही."

"घड्याळ बघितलं होतंस?"

मेर्वीनं मान हलवली. "नाही. कसल्या तरी विचारात होते. राहूनच गेलं."

योर्मानं तिच्या मनगटावरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं. "बरं," तो म्हणाला. "मग अहवालात तसंच लिहितो. उंचीचं भान सुटलं."

संध्याकाळी नणंद आली. सामन छान मुरला होता. मेर्वीनं तो पातळ पातळ कापला आणि सगळ्यांना वाढला.

त्या दिवसापासून तिला स्वतःच्या हाताची भीती बसली. जायला हवं तेव्हा जो हात गेला नाही, तो उद्या जायला नको तिथं गेला तर? नदीवरच्या पुलावर टँकर आला की ती दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चक्र घट्ट धरायची आणि पूल संपेपर्यंत दिव्याचे खांब मोजायची. सुट्टीत सगळे परगावी गेले, तर ती हॉटेलातली खालच्या मजल्यावरचीच खोली मागायची. वेन्लाला उचलून कधी खिडकीजवळ उभी राहिली नाही. आणि मधूनच तिला तो मासा आठवायचा. मरायला निघालेली बाई संध्याकाळच्या जेवणासाठी मासा मुरत ठेवेल का? नाही ठेवणार. मग हात का गेला नाही? या प्रश्नापाशी येऊन ती दर वेळी थांबायची.

दर शरदात, रानात लाल बोरं पिकली की, योर्माचा फोन यायचा. "लिंगोनची बोरं फार झालीत यंदा, घेऊन जा." मेर्वी पासीला पाठवायची, स्वतः जायची नाही.

अशी तेरा वर्षं गेली. वेन्ला सतरा वर्षांची झाली आणि शाळेतून एक वर्ष पोर्तुगालला जायचं म्हणू लागली. मेर्वीनं नाही म्हणायला सुरुवात केली. इतकं लांब, अनोळखी लोकांत, शिवाय शाळेचं वर्ष वाया जाईल. स्वयंपाकघरात दोघींची चांगलीच जुंपली.

"तू नाहीच म्हणणार!" वेन्ला ओरडली. "का, तर तू माझ्यासाठी सगळं सोडलंस ना! आजी दर वाढदिवसाला ऐकवते, आईनं तुझ्यापायी आभाळ सोडलं म्हणून. मी सांगितलं होतं का सोड? चार वर्षांची होते मी, आई! चार!"

मुलगी दार आपटून निघून गेली. मेर्वीनं कॉफीचा कप धुतला, पुसला, परत धुतला. मग गाडी काढून थेट योर्माच्या घरी गेली.

योर्मा आता अडुसष्ट वर्षांचा होता, गुडघ्यानं त्याच्या उड्या केव्हाच बंद केल्या होत्या. बर्चची लाकडं तो भिंतीलगत रचत होता.

"अरे वा," तो म्हणाला. "बोरं न्यायला तेरा वर्षांनी सवड झाली वाटतं?"

"योर्मा, मी त्या दिवशी घड्याळ बघितलं होतं."

त्यानं हातातलं लाकूड रचलं, नीट बसलं का पाहिलं, मग वळला. "ठाऊक आहे. दोनदा बघितलंस. मी खालून मोठ्या दुर्बिणीतून बघत होतो. हात दोनदा तोंडासमोर आणलास."

मेर्वी लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसली. "मग लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं असतं तर परवाना गेला असता, तुझा टँकर गेला असता. असं मी स्वतःला सांगितलं." योर्मानं हातमोजे काढले. "खरं सांगू? विचारायची छाती झाली नाही माझी. तू काय उत्तर देशील त्याला भ्यालो. मग दर वर्षी फोन करायचो. पासी म्हणाला, मेर्वी टँकर घेऊन गेलीय, की पुढचे काही महिने बरं वाटायचं." तो थोडा थांबला. "आता विचारतो. मरायचं होतं का तुला?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही, योर्मा. सामन मुरत ठेवला होता मी घरी."

योर्मा हसला नाही. हातमोजे परत चढवून त्यानं आणखी दोन लाकडं रचली.

"मला परत उडी मारायची आहे," मेर्वी म्हणाली.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"आधी डॉक्टर. मग पासी. मग मी बघतो."

"तू काय माझा बाप लागून गेलास?"

"क्लबात सुरक्षेचं अजून मीच बघतो. बाप परवडला."

डेअरीच्या कामगारांना आरोग्य केंद्रात मानसोपचाराची सोय होती. ज्या केंद्राच्या दारासमोरून ती वर्षानुवर्षं टँकर नेत आली होती, तिथं मेर्वी त्या हिवाळ्यात दर पंधरवड्याला गेली. समोर बसायची ती बाई तिच्याहून वयानं लहान होती आणि फारसं बोलायची नाही. पहिल्या दोन भेटींत मेर्वीही हवेबद्दलच बोलली. तिसऱ्या भेटीत बार्लीचं शेत निघालं. त्या गोष्टीला त्या बाईनं कुठलं नाव दिलं नाही. पण एकदा तिनं विचारलं, "त्याआधी शेवटचं कधी तुमच्याकडून कुणाला काही नको होतं?" मेर्वीला आठवेना. घरी जाताना तिला गाडी रस्त्याकडेला थांबवून रडावं लागलं.

पासीला तिनं सांगितलं ते शनिवारच्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरात. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तापल्या दगडांवर एक डाव पाणी ओतलं, आणखी एक ओतलं. वाफेत त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"तेरा वर्षं," तो म्हणाला. "तेरा वर्षं तुझ्या शेजारी झोपतोय मी."

"घाबरले होते."

"मला?"

"स्वतःला."

"आणि मी लोकांना सांगत फिरलो, बायको पोरीसाठी उड्या सोडून बसलीय म्हणून! छाती फुगवून सांगितलं, मेर्वी!" तो उठला आणि अंगावर पाणीही न घेता बाहेर गेला.

नऊ दिवस तो कामाच्या शेडमध्येच राहिला. गादी तिकडे नेली, कॉफीचं यंत्र तिकडे नेलं. दहाव्या दिवशी दोन्ही घेऊन परत आला. पूर्वी तो सकाळी तिच्या गाडीचा आवाज झाला की कूस बदलून झोपायचा, आता तो दारापर्यंत यायला लागला.

वेन्लानं ऐकलं तेव्हा ती आधी खूप रडली. मग नाक पुसत म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी नव्हतं सोडलंस."

"नाही."

"बरं झालं." आणि लगेच, "नाही, बरं काय झालं! पण... बरं झालं गं आई." दोघींना त्यातच हसू आलं. पोर्तुगालच्या कागदांवर मेर्वीनं त्याच आठवड्यात सही केली.

मे महिन्यात धावपट्टीवरचं बर्फ गेलं. मेर्वीला सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. दिवसभर जमिनीवर दोरीला टांगून घेऊन हात मुठीकडे न्यायचा, पुन्हा न्यायचा, पुन्हा. शिकवायला हेइनी नावाची तिशीतली बाई होती, एरवी केस कापायचा धंदा करायची. मेर्वीनं तिला सगळं सांगितलं होतं. ऐकून हेइनी गंभीर झाली, पण तिची जीभ काही गप्प बसली नाही.

"हा सूट तुझाच ना, मेर्वी? की वेन्लाचा आणलास?"

"माझाच आहे. तेरा वर्षांत आटलाय."

"हो, दुधावर राहिलं की सूट आटतातच."

विमान चढलं. दाराशी पोचल्यावर मेर्वीला भीती वाटली आणि या खेपेला ती वाटतेय याचंच तिला बरं वाटलं. दोघी बाहेर पडल्या. वारा अंगावर आला आणि तेरा वर्षांपूर्वीचं शरीर आपसूक कामाला लागलं. तीन हजारांपर्यंत ती नुसती आनंदात होती. हेइनी समोर तरंगत जीभ बाहेर काढून दाखवत होती.

दोन हजारांच्या आसपास तो निवांतपणा परत आला.

तोच होता. तिनं त्याला लगेच ओळखलं. आवाज कमी झाल्यासारखा वाटला, शेतं छान दिसायला लागली, हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा जड झाला. पंधराशेला मूठ ओढायची, असं ठरलं होतं. पंधराशेची वाट बघायची नाही, एवढं तिला कळलं. तिनं दात आवळले आणि हात मागे नेला. बोटांना मूठ लागली. अठराशेवरच तिनं ओढली.

छत्री उघडली. मेर्वी तिच्याखाली लोंबकळत इतक्या मोठ्यानं शिव्या द्यायला लागली की खाली योर्माला त्यातल्या दोन-तीन स्पष्ट ऐकू आल्या म्हणे. कुणाला देत होती, ते तिलाही सांगता येत नाही. उतरताना ती चिखलात बुडावर आपटली.

"अठराशे?" हेइनी लांबूनच ओरडत आली. "एवढी कसली घाई होती तुला?"

योर्मा लंगडत आला. मेर्वी त्यालाच म्हणाली, "परत आलं होतं ते."

"मग?"

"मग मी आधीच ओढली."

योर्मानं मान डोलावली. त्यानं तिला शाबासकी दिली नाही. "आज बस झालं," एवढंच म्हणाला. मग त्यांचं असं ठरलं की ते आलं तर तिनं सांगायचं आणि त्या दिवशी पुन्हा वर जायचं नाही.

त्या उन्हाळ्यात तिनं चौदा उड्या मारल्या. पाचांत ते आलं, नवांत आलं नाही. कधी येतं आणि कधी नाही, याचा काही नियम तिला सापडला नाही, त्या आरोग्य केंद्रातल्या बाईलाही नाही. शरदात तिथल्या भेटी पुन्हा सुरू झाल्या, अजूनही चालू आहेत. अठराशेच्या खाली मात्र मेर्वीनं एकदाही मूठ ओढली नाही. क्लबातल्या पोरांना चिडवायला तेवढं पुरलं. "मेर्वीची छत्री उघडली रे! चला, सॉसेज भाजून खाऊ, तोवर उतरेल." ती खाली येऊन त्यांच्यातलाच एखादा सॉसेज उचलून खाते.

पासी पहिल्या महिन्यात आलाच नाही. मग एका रविवारी आला, पण गाडीतून उतरला नाही, रेडिओ लावून बसला. पुढं उतरायला लागला. पण विमान वर गेलं की तो आभाळाकडे पाठ करून उभा राहतो, दोन्ही हात खिशात घालून, समोरच्या पत्र्याच्या शेडकडे बघत. शेजारी योर्मा दुर्बिणीला डोळा लावून असतो.

"उघडली का?" पासी विचारतो.

"अजून नाही. आत्ता तर उडी मारलीय."

"उघडली का?"

"थांब रे जरा."

पासीची मान खाली जाते. कानाच्या पाळ्या लाल होतात. विमानाचा आवाज लांब गेलेला असतो.

"उघडली," योर्मा म्हणतो.

तरीही पासी लगेच वळत नाही. खिशातून हात काढतो, पँटला पुसतो आणि मग ती जिथं उतरणार असेल तिकडं, वर न बघता, चालू लागतो.